दहाव्या ठोक्याआधी

ताईच्या नाचाच्या बुटांना तळाशी, टाचेखाली आणि चवड्याखाली, बारीक खिळे ठोकलेले होते. इतके जवळजवळ की त्यांच्या डोक्यांचा मिळून धातूचा एक खडबडीत पत्राच झाला होता. उजव्या बुटाचे खिळे सगळीकडे सारखे झिजले होते. डाव्या टाचेचे मात्र बाहेरच्या कडेला जास्त. भिंगाखाली धरून पाहिलं तर तिथे डोकी उरलीच नव्हती, नुसते चकचकीत ठिपके होते. म्हणजे ती डावी टाच किंचित तिरकी टाकत असणार. माझी टाच सरळ पडते. पहिले काही आठवडे त्या बुटांत माझा डावा पाय घसरायचा. नंतर घसरायचा थांबला, आणि तो का थांबला याचा मी फार विचार केला नाही.

मी वजनं-मापं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले तराजू आमच्याकडे येतात आणि ते खरं बोलतात की नाही ते आम्ही पाहतो. तिथे सगळ्यात आधी शिकवतात ते हे, की चूक दोन तऱ्हेची असते. एक कधी इकडे होते, कधी तिकडे. ती हाताची, वाऱ्याची, नशिबाची. दुसरी दर वेळी एकाच बाजूला आणि तेवढीच होते. ती दिसली की समजायचं, कुठेतरी तिचं कारण बसलेलं आहे.

ताई गेल्या वर्षी गेली. ऑफिसचा जिना उतरताना डोक्यातली शीर फुटली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मागे राहिले भाऊजी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. तिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. भाऊजी तंतुवाद्यं दुरुस्त करतात आणि ताई ज्या फ्लामेंकोच्या, म्हणजे पाय आपटून करायच्या स्पॅनिश नाचाच्या, वर्गात नाचायची तिथे गिटार वाजवतात. त्यांचं जमलं तेही त्या वर्गातच. आता चिमणी आठवडाभर आमच्याकडे, म्हणजे आई आणि माझ्याकडे असते. रविवारी भाऊजी येतात, तिला फिरवून आणतात, जेवतात, थोडं वाजवतात आणि जातात.

आईने विषय काढला तो धुतलेल्या चादरीची घडी घालताना. दोन टोकं तिच्या हातात होती, दोन माझ्या.

"भाऊजींच्या मनात आहे," ती म्हणाली. "ते स्वतः बोलायचे नाहीत. पण मी विचारलं, तेव्हा नाही म्हणाले नाहीत."

"कशाला?"

"कशाला काय? लग्नाला. पोरीला आई हवी, त्यांना घर हवं. तुझंही कुठे काही ठरत नाहीये. घरातल्या घरात प्रश्न सुटतो."

"मी काय गणित आहे का?"

"गणित असतीस तर कधीच सुटली असतीस," आई म्हणाली आणि चादर माझ्या हातातून ओढून घेतली.

मी म्हणाले, "बघू."

हे 'बघू' मी पुढे कित्येक महिने पुरवलं. आई विचारायची, मी बघू म्हणायचे. ती चिडून म्हणायची, "जगाच्या तराजूंना बरोबर-चूक सांगतेस, आणि तुला स्वतःचं एक उत्तर देता येत नाही." ते खोटं नव्हतं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. भाऊजी चांगले आहेत. आवाज चढवत नाहीत, कप विसळून ठेवतात. चिमणी झोपेत माझं बोट धरते. कधीकधी रविवारी त्यांच्या समोर बसून जेवताना मला वाटायचं, हे असंच चालू राहिलं तरी काय बिघडलं.

वर्गात मी गेले ती ताईची बुटांची पिशवी आणायला. एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला होता तो. एका भिंतीला आरसे. फरशीवर लाकडी पट्ट्या टाकून वर फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे खाली पोकळी राहून पाय वाजायचे. खालच्या मजल्यावर आता शिवणकामाचं दुकान होतं आणि तिथला मास्तर अधूनमधून काठीने छत ठोकायचा. बाई म्हणायच्या, "ठोकू दे, ताल बरा आहे त्याचा."

बाई म्हणजे वर्गाच्या शिक्षिका. सत्तरीच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात काठी. त्यांनी मला पिशवी दिली, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"माप तेच दिसतंय. आलीच आहेस तर उभी राहा थोडी."

मी उभी राहिले. नंतर दर आठवड्याला राहत गेले.

आधी पाय शिकवले. अख्खं पाऊल, चवडा, टाच, यांचे तीन वेगळे आवाज. मग टाळ्या. ओंजळीसारखे हात करून वाजवली की मंद टाळी, ती गाणाऱ्याच्या खाली अंथरायची. बोटं तळहातावर मारली की कोरडी, ती वर चमकवायची. टाळ्यांत माझी जोडीदार बेकरीवाली होती. पहाटे पाव भाजून आलेली असायची आणि तिच्या केसांना पिठाचा वास यायचा. तिने पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं, "शास्त्रज्ञबाई."

"शास्त्रज्ञबाई, ओठ हलवून मोजू नका. लोकांना वाटेल जप चाललाय."

"मोजलं नाही तर चुकते मी."

"मोजूनही चुकताय. मग निदान तोंड तरी बंद ठेवा."

मोजण्यासारखं पुष्कळ होतं. फ्लामेंकोत नाचाचे कितीतरी प्रकार, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. तांगोस चारांत चालतो, जमिनीला धरून, कमरेतून. अलेग्रियास बारा मात्रांचा, उजेडातला, समुद्रावरून वारा यावा तसा. बुलेरियासही बाराच, पण इतका जलद आणि खट्याळ की मोजायला बारापासूनच सुरुवात करायची आणि एक यायच्या आत उडी मारायची. सेगिरियात पाचच ठोके, पण असमान. दोन आखूड, दोन लांब, पुन्हा एक आखूड, जसं कुणी लंगडत प्रेतामागून चाललंय. आणि सोलेआ. बारा मात्रा, संथ. तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर वजन.

"तू सम शोधतेयस," बाई म्हणाल्या. "ती इथे एकावर नसते. सोलेआत वाक्य दहावर मिटतं. दहावर पाय टाकायचा आणि मग गप्प राहायचं. अकरा, बारा त्या गप्प राहण्याचे. घाई केलीस तर दुःख खोटं वाटतं. रेंगाळलीस तर रडगाणं होतं."

"मग किती थांबायचं?"

"तेवढंच."

सोलेआ ताईचा होता. वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात ती तो एकटीने करणार होती. यंदाच्या कार्यक्रमात तिच्या जागी मी करावा म्हणून बाईंनी मला तो शिकवायला घेतला. तेव्हा भाऊजींनी गिटारच्या खुंट्या पुन्हा पिळल्या, खरं तर तारा लागलेल्याच होत्या.

मी ताईला नाचताना फारसं पाहिलेलं नाही. ती नाचायची तेव्हा माझ्या परीक्षा असायच्या, नाहीतर कामाच्या पाळ्या. एक-दोन कार्यक्रम पाहिले, तेही मागून, अंधारात. म्हणून, जे पुढे सुरू झालं ते आठवणीतून आलं असं मला म्हणता येईना.

एक दिवस सोलेआच्या शेवटच्या भागात मी दहावर पाऊल टाकलं आणि बेकरीवालीच्या टाळ्या थांबल्या. तिने हात तसेच हवेत धरले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. तिने लगेच विनोदही केला नाही.

बाई काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे पाहत होत्या. "तुझी बहीण दहावर किंचित उशिरा यायची," त्या म्हणाल्या. "केसभर. मी दहा वर्षं तिला ओरडले त्यावरून. मग ओरडायचं सोडलं, कारण तिथेच लोकांचा श्वास अडकायचा. तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही."

"मग आलं कुठून?"

मी आरशात पाहिलं. मीच होते. काळा परकर, घामाने चिकटलेले केस, डावा पाय पुढे. टाच तिरकी पडली होती.

पुढच्या वेळीही मी दहावर उशिरा आले. त्याच्या पुढच्या वेळीही. मुद्दाम लवकर टाकायचा प्रयत्न केला तर पाय हवेतच थबकायचा, जणू खालून कुणी तळवा धरला आहे. दर वेळी उशीर. दर वेळी तेवढाच. कधी इकडे-कधी तिकडे होणारी चूक ही नव्हती.

मग ती चूक घरीही आली. एका रविवारी दुपारी आई पलंगावर आडवी झाली होती, चिमणी आतल्या खोलीत चित्र काढत होती. भाऊजींनी गिटार काढली आणि म्हणाले, "शेवटचा भाग एकदा करूया का? खालचे लोक बाहेर गेलेत." मी बूट घातले आणि एक जुनी फळी टाकून तिच्यावर उभी राहिले. सात, आठ, नऊ. पाय थबकला. दहा. आणि आतून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

चिमणी दारात थांबली. तिच्या हातात हिरवा खडू होता. ती माझ्याकडे पाहत राहिली, आधी पायांकडे, मग वर, तोंडाकडे. तोंडाकडे पाहिल्यावर तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मावशी आहे होय," ती म्हणाली. आणि परत आत गेली.

आई पलंगावर उठून बसली होती. तिचे डोळे भरलेले होते, पण ती घाबरलेली नव्हती, उलट तिच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी समाधान होतं. भाऊजी गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आता तरी समजलं का तुला?"

"काय समजायचंय?"

"तीच सांगतेय. तिच्या पोरीला सांभाळ म्हणून. दुसरं काय असणार ते? तुझ्या पायांना कळलं, तुला कळत नाही."

"आई, असं काही नसतं."

"मग काय असतं ते सांग. शिकलेली आहेस ना? सांग."

मग तिने माझा हात दाबला. "कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग तारीख काढू."

या वेळी मी 'बघू' सुद्धा म्हणाले नाही.

त्यानंतरचे आठवडे मला आठवायला आवडत नाहीत. प्रयोगशाळेत वजन चिमट्याने उचलून पारड्यात ठेवताना माझा हात क्षणभर थांबायचा आणि मग खाली यायचा. जिना उतरताना पाय थांबायचा. चिमणीच्या वेण्या घालायला मी कधी शिकले नव्हते, आणि एका सकाळी पाहिलं तर मी त्या ताईसारख्या, उलट्या पेडाच्या घालत होते. बेकरीवाली आता माझी थट्टा करत नसे. ती माझ्याशी अहो-जाहो सोडून मऊ आवाजात बोलू लागली होती, आजाऱ्याशी बोलावं तसं. भाऊजी वाजवताना माझ्याकडे पाहायचे, आणि पूर्वी ते आवडायचं मला. आता मला कळेना की ते नक्की कुणाला पाहताहेत. माझ्या पायांपासून वीतभर पुढे, फळीवरच्या एका रिकाम्या जागेकडे त्यांची नजर असायची.

मला भूत दिसलं नाही. तसं काही दिसलं असतं तर निदान दोन बाजू झाल्या असत्या, एकीकडे ती, एकीकडे मी. इथे मीच थोडी थोडी कमी होत चालले होते.

मग भाऊजी तापाने आजारी पडले. वर्गाला गिटार नव्हती. बाई म्हणाल्या, "आज नुसत्या टाळ्यांवर कर." बेकरीवालीने टाळ्या धरल्या. पहाटे उठणाऱ्या बाईच्या टाळ्या त्या, घड्याळासारख्या सरळ. सात, आठ, नऊ, दहा. माझं पाऊल दहावर पडलं. बरोबर दहावर.

"हं," बाई म्हणाल्या. "आज जमलं नाही. दहावर लवकर आलीस."

"लवकर नाही आले, बाई. वेळेवर आले."

"माझे कान गेले म्हणतेस?"

"ती बरोबर बोलतेय," बेकरीवाली म्हणाली. "माझ्या टाळीवर आला पाय. मला वाटलं, आज हिला बरं नाही."

मी पुन्हा करून पाहिलं. फोनवरचा ठोके देणारा मेट्रोनोम लावून पाहिलं. पाय कुठेच थबकला नाही. तराजू चुकीचं वजन दाखवतो तेव्हा आम्ही आधी तराजूला दोष देत नाही. एकेक गोष्ट बदलत जातो. मेज बदलतो, वजन बदलतो, खिडकी बंद करतो. इथे बूट तेच होते, फळ्या त्याच, नाच तोच, नाचणारी तीच. फक्त गिटार नव्हती.

पुढच्या रविवारी भाऊजी आले. अजून अशक्त होते, गळ्याभोवती मफलर होता. जेवण झाल्यावर ते चिमणीच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून सोलेआ वाजवू लागले, तिला झोपवायला. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. मधलं दार उघडं होतं. मी बोटाने ओट्यावर ठोके धरले. नाचायला कुणी नव्हतं. चिमणी भिंतीकडे तोंड करून झोपत चालली होती. सात, आठ, नऊ.

गिटार थांबली. केसभर. मग दहा.

पुन्हा बारा मात्रा. पुन्हा नवाच्या पुढे ती फट. बाकी सगळीकडे हात अचूक, आणि तिथे मात्र ते थांबत होते. कुणीतरी यायचं राहिलं आहे म्हणून दार उघडं धरून ठेवावं तसे.

मी फडकं खाली ठेवलं. किती वेळ ऐकत राहिले ते मोजलं नाही. ताई माझ्या पायांत कधी आलीच नव्हती. ती त्यांच्या हातात होती, आणि मी, बेकरीवालीच्या टाळ्यांसकट, इमानदारीने त्या हातामागून जात होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आतल्या त्या वादनात तिची इतकी नेमकी जागा ठेवलेली होती की माझ्या अंगावर काटा आला. मरून वर्ष झालेल्या माणसाला दर बारा मात्रांनी कुणीतरी वेळ देत होतं.

चिमणी झोपल्यावर ते बाहेर आले. आई सोफ्यावर चिमणीच्या फ्रॉकला बटण लावत बसली होती.

"भाऊजी," मी म्हणाले, "जरा बसता? मी टाळ्या धरते, तुम्ही शेवटचा भाग वाजवा. हळू, तिची झोप नको मोडायला."

"तू नाचत नाहीस?"

"नाही. नुसत्या टाळ्या."

मी मंद टाळी धरली, ओंजळीची. ते वाजवू लागले. सात, आठ, नऊ, आणि दहाची माझी टाळी एकटीच पडली. त्यांची तार मागून आली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"घाई केलीस तू."

"पुन्हा वाजवा."

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या खेपेला त्यांना ऐकू आलं. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की ऐकू आलं. त्यांनी तळहात तारांवर पसरून आवाज बंद केला.

"मी थांबतो," ते म्हणाले.

"हो."

"ती यायची ना उशिरा. बाई ओरडायच्या तिला, म्हणून मीच थोडं थांबायला लागलो. म्हणजे चूक दिसू नये तिची. आमचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा." त्यांनी हात उलटा करून बोटांकडे पाहिलं. "मला वाटलं, तूच. मला खरंच वाटत होतं, तुझ्यात ते आहे."

"मलाही वाटत होतं."

"आता वाजवू कसं?"

आईने दात लावून दोरा तोडला.

"हे काय चाललंय तुमचं टाळ्या-टाळ्या?" ती म्हणाली. "सगळं नीट चाललंय म्हटलं तर तुम्ही दोघं तोंडं पाडून बसलात. कार्यक्रम पंधरवड्यावर आलाय. नंतरचं बोलून घ्या आता, मी इथेच आहे. की पुन्हा बघू?"

भाऊजी माझ्याकडे पाहत होते. या वेळी माझ्याकडेच, त्या वीतभर पुढच्या जागेकडे नव्हे. आणि त्यांच्या नजरेत मला पहिल्यांदाच विनंती दिसली. काही विचारू नकोस, आहे तसं राहू दे, अशी. तेव्हाच मला कळलं की मी हो म्हणाले तर ते आयुष्यभर माझ्याशी चांगलं वागतील, कप विसळून ठेवतील, आणि नवाच्या पुढे थांबत राहतील. आणि मी रोज त्या फटीत पाय टाकत राहीन, इतक्या सवयीने की पुढे ती कुणाची होती तेही आठवणार नाही.

"बघू नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला जरा मोठा वाटला, म्हणून मी तो खाली आणला. "आई, तूही ऐक. चिमणी इथेच राहील, हवं तितके दिवस, आणि तिची मावशी कुठे जात नाही. सोलेआ मी करीन, टाळ्यांवर. पण भाऊजी, मी तुमच्याशी लग्न करणार नाही."